तांबड्या पाषाणाची ओळख : जॅस्पर, त्याची नावे आणि रत्नघडणीतील परीक्षा

१. प्रश्नाचे स्वरूप

तांबडा, अपारदर्शक आणि बऱ्यापैकी कठीण दगड हाती आला की त्याला जॅस्पर म्हणण्याचा प्रघात रत्नांच्या बाजारात आहे. नदीपात्रातला गोटा असो, जुन्या माळेतला सुटा मणी असो किंवा घडणीसाठी विकत घेतलेला कच्चा दगड असो, रंग तांबडा आहे आणि उजेड आरपार जात नाही एवढ्या दोन लक्षणांवर हे नाव दिले जाते. ही लक्षणे जॅस्परमध्ये असतात यात शंका नाही. परंतु ती इतर अनेक पदार्थांतही आढळतात. त्यांपैकी काही घासणीच्या चाकावर धरताच त्यांचा चिखल होतो, काहींवर कितीही घोटले तरी जिल्हई चढत नाही, तर काही कारागिराच्या प्रकृतीला अपायकारक असतात.

मूळ ठिकाण ठाऊक नसलेला तांबडा दगड जॅस्पर आहे की नाही, आणि असल्यास तो घडणीस योग्य आहे की नाही, हे कोणत्या क्रमाने ठरवावे याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हा विषय खनिजशास्त्राचा असला तरी भाषेच्या अभ्यासकालाही तो टाळता येत नाही. कोशकार, अनुवादक आणि वस्तुसंग्रहालयात नोंदी लिहिणारे यांना या दगडासाठी कोणता तरी शब्द योजावा लागतो, आणि शब्द योजताना वस्तूची ओळख गृहीत धरली जाते. म्हणून प्रथम नावांचा विचार करू.

२. नावांचा गुंता

जॅस्पर हा शब्द ग्रीक ‘इआस्पिस’पासून लॅटिनमार्गे युरोपीय भाषांत गेला. अरबी-फारसीतील ‘यशब’ हा त्याच कुळातला. प्राचीन ग्रीक-रोमन लेखक ज्याला या नावाने ओळखत तो दगड पुष्कळदा हिरवा आणि काहीसा पारभासक असे. म्हणजे आज ज्या तांबड्या, अपारदर्शक दगडाला आपण जॅस्पर म्हणतो, त्याच्याशी प्राचीन नावाचा अर्थ पूर्णपणे जुळत नाही. भारतात ‘यशब’ आणि ‘यशम’ या जवळच्या शब्दांची सरमिसळ झाली. त्यामुळे फारसी नोंदीत ‘यशब’ दिसला की तो जॅस्परच असेल असे मानता येत नाही. तो जेडही असू शकतो.

संस्कृत परंपरेतही सरळ उत्तर मिळत नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात कोशात घ्यावयाच्या रत्नांची परीक्षा सांगितली आहे. तेथील उपमण्यांच्या यादीत लोहिताक्ष, ज्योतीरसक, शिलाप्रवालक अशी नावे येतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील बावीस रत्नांच्या यादीत रुधिराख्य आणि ज्योतीरस आहेत. यांपैकी एखादे नाव जॅस्परचे असावे असा तर्क करण्याचा मोह होतो. पण यादीत नुसते नाव असते, आणि नावातला ‘लोहित’ किंवा ‘रुधिर’ रंगापलीकडे काही सांगत नाही. गरुडपुराणाच्या रत्नपरीक्षेत मात्र रुधिराख्याचा संबंध नर्मदेशी जोडलेला असून त्याच्या रंगाला इंद्रगोप कीटकाची आणि पोपटाच्या चोचीची उपमा दिली आहे. खालच्या नर्मदेच्या परिसरात, राजपिपळ्याजवळ रतनपूर येथे, आजही तांबडा अकीक म्हणजे कार्नेलियन मिळतो. म्हणून रुधिराख्य हा कार्नेलियन असावा हे मत अधिक संभवनीय वाटते. तो जॅस्परचा जवळचा नातलग असला, तरी जॅस्पर नव्हे.

हिंदी आणि मराठी लेखनात जॅस्परला ‘सूर्यकांत’ हा प्रतिशब्द दिलेला आढळतो. तो गैरसमज वाढविणारा आहे. परंपरेतला सूर्यकांत सूर्याचे किरण पडताच अग्नी उत्पन्न करतो. हे काम किरण एकवटणाऱ्या पारदर्शक स्फटिकाचे आहे. ज्यातून उजेडच जात नाही अशा दगडाला हे नाव शोभत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला परिचित असे आणखी एक नाव आहे, ते म्हणजे शोणभद्र. पंचायतन पूजेत विष्णूसाठी गंडकीतला शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेतला बाण आणि गणपतीसाठी शोण नदीतला तांबडा पाषाण ठेवतात. या पाषाणाला पुष्कळदा जॅस्पर म्हटले जाते. पण ‘शोणभद्र’ हे नाव दगडाचे उगमस्थान आणि त्याचे पूजेतले स्थान सांगते, त्याचे द्रव्य सांगत नाही. शोण ज्या प्रदेशातून वाहते तेथे विंध्य समूहाचे तांबूस वालुकाश्म आहेत आणि महाकोशल समूहाचे जॅस्परयुक्त पट्टित खडकही आहेत. पात्रातला तांबडा गोटा यांपैकी कशाचाही असू शकतो. पूजेच्या दृष्टीने तो शोणभद्र असणे पुरेसे आहे. खनिज म्हणून तो काय आहे, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

सारांश, काही नावे रंगावरून पडली, काही नदीवरून, काही गुणावरून, तर काही परभाषेतून आली. त्यांतले एकही नाव द्रव्याची ग्वाही देत नाही.

३. जॅस्पर म्हणजे काय

जॅस्पर हा सिलिकेचा, म्हणजे मराठीत ज्याला गार म्हणतात त्या क्वार्ट्झचा, अतिसूक्ष्म कणांनी बनलेला प्रकार आहे. हे कण इतके बारीक असतात की साध्या भिंगातून ते वेगळे दिसत नाहीत. त्यांच्यामध्ये लोहाची ऑक्साइडे, माती व इतर द्रव्ये मिसळलेली असतात आणि त्यांचे प्रमाण कधी कधी पंचमांशापर्यंत जाते. या मिश्रणामुळेच दगड अपारदर्शक होतो. तांबडा रंग हेमॅटाइटच्या सूक्ष्म कणांचा असतो. गोएथाइट असल्यास पिवळा किंवा तपकिरी रंग येतो. कॅल्सेडोनी आणि अकीक हेही सूक्ष्मस्फटिकी सिलिकेचेच प्रकार असले, तरी त्यांची घडण तंतुमय असते आणि त्यांतून उजेड झिरपतो. दोन्ही प्रकार एकाच दगडात एकमेकांत मिसळलेले पुष्कळदा सापडतात. तेव्हा सीमारेषा काटेकोरपणे आखता येत नाही.

भारतात तांबडा जॅस्पर मुख्यतः दोन प्रकारच्या परिसरांत आढळतो. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत आणि भेगांत सिलिका साचून अकीक व कॅल्सेडोनीबरोबर तो तयार झाला. याखेरीज अतिप्राचीन लोहयुक्त खडकांत हेमॅटाइट आणि जॅस्पर यांचे एकाआड एक पट्टे असतात. भारतीय भूवैज्ञानिक त्यांना पट्टित हेमॅटाइट जॅस्पर म्हणतात. कर्नाटक, ओडिशा, झारखंड आणि छत्तीसगढ येथील लोहखनिजाच्या पट्ट्यांत असे खडक आहेत. नदी हे दगड उगमापासून फार दूर नेते. त्यामुळे गोटा कोठे सापडला यावरून तो कोठला हे कळतेच असे नाही.

४. परीक्षेचा क्रम

परीक्षा सौम्य प्रकारांपासून सुरू करावी आणि दगडाला इजा करणारे प्रकार शेवटी योजावेत. पूजेतला पाषाण किंवा उत्खननातला मणी असेल, तर इजा करणारे प्रकार पूर्णपणे वर्ज्य समजावेत.

पहिली पायरी पाहण्याची. दगड स्वच्छ धुऊन ओला असताना आणि वाळल्यावर, असा दोनदा पाहावा. ओल्या दगडाचा रंग घोटलेल्या दगडाच्या रंगाच्या जवळ जातो. वाळताना एखादी रेषा इतर भागापेक्षा उशिरापर्यंत ओली राहिली, तर तेथे भेग आहे असे समजावे. पाण्याचा थेंब दगडाने लगेच शोषून घेतला, तर तो सच्छिद्र आहे. घट्ट जॅस्पर पाणी शोषत नाही. अनोळखी दगडाला जीभ लावून पाहण्याची जुनी सवय मात्र सोडलेली बरी.

दुसरी पायरी भिंगाची. दसपट मोठे दिसणाऱ्या भिंगातून ताज्या फुटीचा भाग पाहावा. जॅस्परची फूट शिंपल्याच्या आतल्या भागासारखी वळणदार असते. तिला शंखाभ भंजन म्हणतात. कडा धारदार असतात आणि पृष्ठ एकजीव दिसते. साखरेसारखे सुटे, चकाकणारे कण दिसले तर तो क्वार्ट्झाइट किंवा वालुकाश्म होय. तांबड्या पार्श्वभूमीवर फिकट, चौकोनी स्फटिक विखुरलेले दिसले तर रायोलाइटचा संशय घ्यावा. राजस्थानातील मालाणी रायोलाइट अशा तांबूस छटेचा असतो. गोल बुडबुडे दिसल्यास ती काच किंवा भट्टीतली मळी आहे.

तिसरी पायरी उजेडाची. पातळ कडेमागे विजेरी धरावी. कड नारिंगी किंवा तांबडी उजळली तर दगड कार्नेलियनकडे झुकतो. उजळली नाही तर जॅस्परची शक्यता वाढते. जाड दगडावर ही परीक्षा करू नये, कारण जाड कार्नेलियनही काळसर आणि अपारदर्शक भासतो.

चौथी पायरी वजनाची. दगड प्रथम हवेत तोलावा, मग दोऱ्याने टांगून पूर्णपणे पाण्यात बुडवून तोलावा. हवेतील वजनाला वजनातील घटीने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. हवेत १३२ ग्रॅम आणि पाण्यात ८२ ग्रॅम भरलेल्या दगडाच्या वजनात ५० ग्रॅम घट झाली, म्हणजे त्याचे विशिष्ट गुरुत्व २.६४ आले. जॅस्परचे विशिष्ट गुरुत्व साधारणपणे २.६च्या आसपास असते आणि लोह अधिक असल्यास ते २.९पर्यंत जाते. ३च्या वर आकडा गेला तर हेमॅटाइटचे पट्टे बरेच आहेत असे समजावे, कारण शुद्ध हेमॅटाइटचे गुरुत्व ५च्या वर असते. ही परीक्षा दगडाला यत्किंचितही इजा करीत नाही, म्हणून शोणभद्रासारख्या पाषाणासाठी ती सर्वांत उपयुक्त आहे. मात्र रायोलाइट आणि काच यांचे आकडेही जॅस्परच्या जवळपास येतात. केवळ या एका परीक्षेवर निर्णय देऊ नये.

पाचवी पायरी कठिनतेची. मोझ यांच्या श्रेणीत जॅस्परची कठिनता ६.५ ते ७ आहे. पोलादी चाकूने त्यावर ओरखडा पडत नाही. उलट जॅस्परच्या टोकाने काचेवर सहज ओरखडा उमटतो. येथे एक फसगत संभवते. चाकू ओढल्यावर दगडावर करडी चकाकती रेघ दिसते आणि दगड मऊ आहे असा समज होतो. वास्तविक ती चाकूचे पोलाद झिजून दगडावर बसलेली रेघ असते. बोट ओले करून ती पुसून पाहावी. रेघ पुसली गेली तर दगड पोलादापेक्षा कठीण. खाच राहिली तर मऊ.

सहावी पायरी कसाची. सोनार कसोटीवर सोन्याचा कस पाहतो, त्याच अर्थाने खनिजशास्त्राच्या मराठी परिभाषेत खनिजाच्या चूर्णाच्या रंगाला कस म्हणतात. झिलई नसलेल्या चिनीमातीच्या फरशीवर दगड घासला की कस उमटतो. जॅस्पर फरशीइतकाच किंवा तिच्याहून कठीण असल्याने अनेकदा फरशीच झिजते आणि पांढरे चूर्ण दिसते. म्हणून दगडाची बारीक कपची कुटून तिचे चूर्ण पाहणे अधिक भरवशाचे असते. जॅस्परचे चूर्ण पांढरे किंवा फिकट गुलाबी असते, हेमॅटाइटचे गडद तांबडे. दगडाचा रंग कितीही गडद असला, तरी फिकट चूर्ण मूळ द्रव्य सिलिका असल्याचे सुचविते.

शेवटी आम्लाची परीक्षा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फेस आला तर तो तांबडा चुनखडक, संगमरवर किंवा पोवळे होय. जॅस्परवर काहीही परिणाम होत नाही. रंगविलेल्या दगडाचा संशय असेल तर ॲसिटोनमध्ये बुडविलेला कापूस फिरवून पाहावा. रंग कापसाला लागला तर संशय खरा ठरतो. अर्थात प्रत्येक कृत्रिम रंग असा सुटतोच असे नाही.

या सर्व पायऱ्यांनंतरही शंका उरल्यास प्रयोगशाळेचा आधार घ्यावा. पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे किंवा क्ष-किरण विवर्तन यांनी खनिजांचा निर्णय लागतो.

५. विशेष फसविणारे दोन पदार्थ

महाराष्ट्रातील संग्राहकाला सर्वाधिक फसविणारा पदार्थ म्हणजे लाल बोल. बेसाल्टच्या दोन प्रवाहांच्या मध्ये हा विटकरी रंगाचा थर असतो, आणि सह्याद्रीतील घाटरस्त्यांच्या कापांत तो सहज नजरेस पडतो. त्याचे तुकडे वरून जॅस्परसारखे दिसतात. परंतु तो मुख्यतः मातीसारख्या खनिजांचा बनलेला असून चाकूने खरवडला जातो आणि पाणी शोषून घेतो. घडणीच्या कामी तो निरुपयोगी आहे.

दुसरा पदार्थ क्वचित आढळणारा, पण धोक्याचा आहे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. ते सिलिकेत मिसळून तयार झालेले तांबडे दगड परदेशांतून रत्नघडणीच्या बाजारात येतात. शुद्ध हिंगूळ नखापेक्षा फारसा कठीण नसतो आणि त्याचे गुरुत्व ८च्या वर असते. सिलिकेत मिसळल्यावर मात्र दगड कठीण लागतो. भडक शेंदरी रंगाचे ठिपके, तसलाच कस आणि आकाराच्या मानाने अधिक वजन ही लक्षणे एकत्र दिसली, तर तो दगड तापवू नये आणि घासूही नये. तापविल्याने पाऱ्याची विषारी वाफ निघते.

६. घडणीच्या दृष्टीने परीक्षा

दगड जॅस्पर ठरला म्हणजे तो घडणीस योग्य ठरला असे नाही. त्यासाठी एक पातळ चकती कापून पाहावी लागते. चकतीत भेगांचे जाळे असेल तर मणी विंधताना तो दुभंगतो. हेमॅटाइटचे पट्टे किंवा मातीचे कप्पे असतील तर निराळी अडचण येते. घासताना मऊ भाग लवकर झिजतो, कठीण भाग उंच राहतो आणि पृष्ठ लाटालाटांचे होते. अशा दगडाला हलक्या दाबाने, पायऱ्या न गाळता घासावे लागते. साधारणतः ८० क्रमांकाच्या भरड कणांपासून २२०, ६०० आणि १२०० असे बारीक होत जावे आणि शेवटी सेरियम ऑक्साइडने घोटावे. एकजीव जॅस्परवर काचेसारखी जिल्हई चढते. चढली नाही, तर आधीच्या पायरीचे ओरखडे राहिले आहेत किंवा दगड सच्छिद्र आहे, या दोहोंपैकी एक कारण असते.

रंगाविषयीही सावधगिरी हवी. खंबायतच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे की पिवळसर, तपकिरी अकीक उन्हात ठेवून मग मडक्यात घालून भाजला की तांबडा होतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गोएथाइटमधील पाणी निघून जाते आणि हेमॅटाइट तयार होते. गोएथाइटमुळे पिवळा दिसणारा जॅस्परही याच कारणाने तांबडा होतो. म्हणून तांबडा रंग निसर्गाचा की भट्टीचा, हे रंगावरून सांगता येत नाही. हे ज्ञान फार जुने आहे. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रंथात पैठणहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या अशा दगडांच्या मालाचा उल्लेख आहे, आणि इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत जॅस्पर व कार्नेलियनचे मणी मिळाले आहेत. अशा मण्यांची नोंद करताना ‘तांबडा मणी’ लिहून थांबणे किंवा परीक्षा न करता ‘जॅस्पर’ लिहिणे, या दोन्ही गोष्टींनी दगडाच्या आणि व्यापाराच्या मार्गांचा पुरावा पुसट होतो.

७. परीक्षा कोणासाठी

जुन्या रत्नशास्त्रांत रत्नाचे गुणदोष सांगितले आहेत, आणि सदोष रत्न धारण केल्याने धारकाला कोणती फळे मिळतात हेही सांगितले आहे. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेपासून ठक्कुर फेरूच्या चौदाव्या शतकातील प्राकृत ग्रंथापर्यंत विचार धारकाचा, राजकोशाचा आणि किमतीचा आहे. दगड घासणाऱ्याला त्या दगडापासून काय भोगावे लागते, हा प्रश्न त्या परीक्षेत उपस्थित होत नाही. आज जॅस्परची ओळख पटविताना तो टाळता येणार नाही.

दगड जॅस्पर ठरला याचा अर्थ तो मुख्यतः स्फटिकी सिलिका आहे. कोरडा घासल्यास त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. हा विकार बरा होत नाही आणि त्यामुळे क्षयाचा धोकाही वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये व्यवसायात श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेचा समावेश मानवी कर्करोगाला निश्चितपणे कारण ठरणाऱ्या द्रव्यांत केला. खंबायत आणि आसपासच्या गावांत अकीक घासण्याचे काम बऱ्याच अंशी घरांतच, विजेवर फिरणाऱ्या एमरीच्या चाकांवर चालत आले आहे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांच्या प्रकृतीचा अभ्यास केला असून धूळ खेचून घेणारी साधनेही तयार केली आहेत. धूळ घरात उडत असल्याने जे स्वतः घासत नाहीत, अशा कुटुंबीयांनाही आणि शेजाऱ्यांनाही तिचा उपद्रव होतो.

म्हणून जॅस्पर नेहमी पाण्याच्या धारेखाली कापावा आणि घासावा. चाकाजवळ धूळ खेचणारी नळी असावी. सिलिकेच्या सूक्ष्म धुळीसाठी असलेला मुखपट वापरावा; नाकावर बांधलेला रुमाल पुरत नाही. ओली मळी वाळू देऊ नये आणि ती झाडूने झाडू नये, कारण वाळल्यावर तिचीच पुन्हा धूळ होते. आपला दगड जॅस्पर नसून क्वार्ट्झाइट, रायोलाइट किंवा अकीक निघाला, तरी हीच काळजी घ्यावी. या सर्वांत सिलिका विपुल असते.

८. समारोप

या विवेचनावरून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली परिभाषेविषयी. मराठीत ‘जॅस्पर’ हा शब्द आता रुळला आहे. त्याऐवजी ‘सूर्यकांत’ योजू नये, आणि संस्कृत ग्रंथांतील लोहिताक्ष किंवा ज्योतीरस यांचे भाषांतर जॅस्पर असे न करता मूळ नावच ठेवून टीपेत शक्यता नोंदवावी. दुसरी नोंदीविषयी. संग्राहकाने, कारागिराने किंवा वस्तुसंग्रहालयाने नाव लिहिण्यापूर्वी रंग, फूट, पारभासकता, गुरुत्व, कठिनता आणि कस ही लक्षणे लिहावीत, कोणती परीक्षा केली नाही तेही लिहावे, आणि मूळ ठिकाण कळले नसेल तर ‘ठिकाण अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. पुढे कोणी अधिक चांगल्या साधनांनी तोच दगड तपासला आणि नाव बदलावे लागले, तरी लक्षणांची नोंद खरीच राहील. कारागिराच्या नोंदीत आणखी एक ओळ असावी : दगडात सिलिका आहे, ओलाच घासावा.